तळाला पाणी

सहा कुकर एकाच घरात एकाच वेळी गॅसवर चढवले की कोणती शिट्टी कोणाची, ते कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. मला येतं. जुन्या कुकरची शिट्टी घसा बसल्यासारखी येते, नव्याची कर्कश असते, आणि ज्याची रिंग सैल झाली आहे तो शिट्टी न देता नुसता फुसफुसत बसतो, सभेत बोलायचं तर आहे पण धीर होत नाही अशा माणसासारखा. वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी बरीच वर्षं शनिवार-रविवार हा बँड वाजवला. त्यापायी एकदा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपुढे उभं राहायची पाळी आली आणि माझा क्लास कायमचा बंद पडता पडता राहिला. सांगायची आहे ती त्या सभेची गोष्ट. पण आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर तिच्यातली गंमत कळायची नाही.

मी शालिनी गजभिये, मूळची वर्ध्याकडची. पिंपरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी सुपरवायझर होते. तीन पाळ्यांचं जेवण माझ्या हाताखालून जायचं. पुढे देशाचे दरवाजे उघडले, कारखान्याला बाहेरची स्पर्धा आली आणि सगळ्यात आधी त्यांना कॅन्टीन जड झालं. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची. मी घरी बसले. घरी बसण्याचा मला अजिबात सराव नव्हता. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे हे मात्र घरी बसण्यात तरबेज होते. माझी येरझार बघून ते पेपरमागून म्हणाले, “काहून फिरून राहिली? घर तेवढंच हाय.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा सौरभ आला. हिंजवडीच्या कंपनीत कामाला असणारी चार मुलं मिळून वर भाड्याने राहत, त्यातला हा अमरावतीचा. कंपनी त्याला अमेरिकेला पाठवणार होती. त्याच्या हातात खोक्यातून नुकताच काढलेला कुकर होता.

“काकू, हा कसा चालवायचा? मी सगळं मॅन्युअल वाचलं. त्यात कुकर फुटू नये म्हणून काय काय करायचं ते आहे. जेवण कसं करायचं ते कुठेच नाही.”

मी पदर खोचला आणि म्हणाले, “सोपं आहे. आधी वीस किलो कांदा चिरून घ्यायचा.”

सौरभ दाराकडे सरकला. कॅन्टीनच्या मापातून एका माणसाच्या मापात यायला मला पुढे महिनाभर लागला. त्याच्यासाठी केलेलं पहिलं वरण आमच्या अख्ख्या मजल्याने दोन वेळा खाल्लं. पण पोरगा शिकला, आणि त्याने कंपनीत जाऊन सांगितलं की वारज्यात एक काकू आहेत, त्या ऑनसाइटला जाणाऱ्यांना पंधरवड्यात माणसात आणतात. मग रांगच लागली.

माझा एक नियम होता. येताना कुकर आपला आणायचा, जो परदेशी न्यायचा आहे तोच. प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा असतो. लग्नाआधी ओळख झालेली बरी.

पहिल्या शनिवारी मी सगळ्यांना मंडईत न्यायचे. या मुलांना कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं माहीत, पण कोथिंबीर कोणती आणि शेपू कोणता हे वास घेतल्यावरही सांगता येत नसे. एका मुलीने भाजीवालीला फार आदबीने विचारलं, “मेथी दोनशे ग्रॅम द्याल का?” भाजीवालीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मेथी जुडीनं मिळते बाई. ग्रॅमवर सोनं मिळतं, ते पलीकडे लक्ष्मी रस्त्याला.” ती मुलगी पुढे जर्मनीला गेली. तिथे मेथी ग्रॅमवरच मिळते, असं तिने मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

शिकवायचे ते असं. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे. खाली तुरीची डाळ, तिच्यात हळद-हिंग शिजतानाच. मध्ये भात. वर बटाटा, बीट, लाल भोपळा, जे असेल ते. कुकर चढवला की त्याच्या शिट्ट्या होईपर्यंत कढईत एक सुकी भाजी: कोबी, फरसबी, नाहीतर मोड आलेली मटकी. आणि एक काहीतरी कच्चं, काकडी किंवा गाजर, वर दाण्याचं कूट आणि लिंबू. रविवारी एकदा बसून मटकीला मोड आणायचे, कूट करून ठेवायचं, लसूण सोलून ठेवायचा, मग आठवडाभर अर्ध्या तासात ताट तयार. आणि ज्या दिवशी भाजीही चिरवत नाही त्या दिवशी चून, ज्याला पुण्यात पिठलं म्हणतात. दमून आलेल्या माणसाकडे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मागायचा नाही आणि पूर्ण ताटापेक्षा कमी जेवण त्याला द्यायचं नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं.

आवाज माझा कॅन्टीनचा. धुराडं, पंखे आणि भांडी यांच्यावर चढून बोलायची सवय. त्यामुळे जे सांगायचं ते मी ओरडून सांगायचे, आणि जे हाताने करून दाखवायचं ते मुकाट्याने करायचे. डोळ्यांना दिसतंय त्याला बोलायचं कशाला?

आता मोघे साहेब.

ते आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि सोसायटीचे अध्यक्ष होते. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. अंगाने सडपातळ, बोलणं त्याहून सडपातळ. त्यांचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर पाठीला पाठ, आणि दोन्ही खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या. डक्ट म्हणजे पाइप जायला ठेवलेली बिल्डिंगमधली उभी पोकळी. तिच्यातून पाइप जातात ते जातातच, शिवाय फोडणीचा वास आणि नवरा-बायकोची भांडणं यांचीही सोय होते. मोघेकाकू अमेरिकेला मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता गेल्या होत्या. साहेब एकटे होते. त्यांना खानावळीचा डबा यायचा, रविवार सोडून.

काकू गेल्यावर थोड्याच दिवसांत जिन्यातल्या फळ्यावर सुबक अक्षरात सूचना लागली: ‘रविवारी सकाळी काही घरांतून सातत्याने शिट्ट्या ऐकू येतात. आपण रेल्वे स्थानकात राहत नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. – अध्यक्ष.’

काही घरांतून! बिल्डिंगमध्ये सहा कुकर एकाच घरात होते.

मी जिन्यात त्यांना गाठलं. “मोघे साहेब, माझ्या शिट्ट्या सकाळी दहाला होतात. त्या वेळेला झोपतं कोण?”

“प्रश्न झोपेचा नाही, बाई. एकाग्रतेचा आहे.”

“कसली एकाग्रता? रविवारी दहा वाजता आपण करता काय?”

“ते सोसायटीच्या कक्षेत येत नाही,” असं म्हणून साहेब वर गेले. त्यांना पाठमोरं बघताना वाटलं, यांची पँट कमरेला फार सैल झाली आहे. पण तेव्हा मी रागात होते, त्यामुळे वाईट वाटायला वेळ मिळाला नाही.

दुसरी सूचना लागली, मग तिसरी. आणि शेवटी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर चौथा विषय छापून आला: ‘निवासी सदनिकेत चालणारा स्वयंपाकवर्ग व तज्जन्य शिट्ट्या बंद करणेबाबत.’ तज्जन्य! मी तो शब्द यांच्याकडून समजावून घेतला आणि मग दुप्पट चिडले.

ठराव मंजूर झाला असता तर क्लास संपला असता. दुसरीकडे गाळा घेण्याची आमची ऐपत नव्हती, फ्लॅटचं कर्ज फिटायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा दुसरीच भीती होती. त्या पोरांनी मला पुन्हा कामाचं माणूस केलं होतं. कुणीतरी रात्री अकरा-अकरापर्यंत कंपनीत राबून येतं आणि माझ्या सांगण्यामुळे गरम जेवतं, या विचाराने मला सकाळी उठावंसं वाटायचं. ते गेलं की मी पुन्हा त्या दोन खोल्यांत येरझारा घालणार होते.

आणि मनात आणखी एक काटा होता. पुण्यात आल्यावर आम्ही भाड्याच्या जागा फार बदलल्या. घरमालक आधी हसून बोलायचे, मग आडनाव विचारायचे, मग गावाचं नाव, आणि मग त्यांना एकाएकी आठवायचं की जागा भाच्याला द्यायची ठरली आहे. त्या भाच्यांची मोठी वसाहत झाली असती. त्यामुळे मोघे साहेबांच्या एकाग्रतेवर माझा विश्वास बसेना. मी यांना म्हटलं, “शिट्ट्यांचं नुसतं नाव आहे. त्यांना भिंतीपलीकडे आपण नको आहोत.”

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “तसं असंल तं तसं. पण आधी माणसाले विचारून तं पाह्य.”

मी ठरवलं, सभेतच विचारायचं, चारचौघांत.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये होती. मी त्या दिवशी क्लास ठेवला नाही. सहाही कुकर गप्प. खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर पाण्याचा तांब्या, टेबलामागे मोघे साहेब.

साहेबांची सभा म्हणजे नेहमी झटपट काम. कोणी लांबण लावली की ते घड्याळाकडे बघत आणि बोलणाऱ्याचा धीर सुटे. त्या दिवशी मात्र त्यांना झालं होतं काय कोणास ठाऊक. पाण्याच्या टाकीचा विषय निघाला तर ते प्रत्येकाला म्हणाले, “बोला, बोला. सावकाश. सगळ्यांची मतं यायला हवीत.” लोक चाट पडले. तळमजल्याच्या एका गृहस्थांनी टाकीवरून सुरुवात करून आपल्या मूळव्याधीपर्यंत मजल मारली, तरी अध्यक्ष मान डोलावतच होते. फक्त त्यांची नजर सारखी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीकडे जात होती, आणि उजव्या हाताचा अंगठा करंगळीवर टेकलेला होता, मोजायला बसलेल्या माणसासारखा. मोजणी पुढे काही सरकत नव्हती.

“चौथा विषय,” ते म्हणाले. “गजभिये बाई, आपलं म्हणणं मांडा. घाई नाही.”

मी उभी राहिले. पाठ करून आलेलं भाषण जिन्यातच सांडलं होतं. मी सरळ बोलले.

“मला एकच विचारायचं आहे. सकाळी दहाला प्रत्येक घरात शिट्टी होते. इथे बसलेल्या कोणाच्या घरात होत नाही? मग माझीच का ऐकू येते? माझ्या शिट्ट्या टोचतात, की मी टोचते? जे असेल ते एकदा तोंडावर सांगा. म्हणजे मी क्लास बंद करायचा की घर, ते मला ठरवता येईल.”

मोघे साहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपण नव्हतं, नुसता गोंधळ होता. हा माणूस आता काय उत्तर देतो म्हणून सगळे पुढे झुकले.

आणि मला वास आला. कॅन्टीनमध्ये जन्म काढलेलं नाक, ते सभेची परवानगी घेत नाही.

“कोणाची तरी डाळ लागली आहे,” मी म्हणाले.

दुसऱ्या क्षणी वरून फट्ट असा आवाज आला आणि पाठोपाठ फुस्स्स. मोघे साहेब खुर्चीतून उडाले.

“पण अजून एकही शिट्टी झालेली नाही!” ते ओरडले.

आम्ही दोघं जिना कसे चढलो ते आठवत नाही. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. साहेबांच्या हातातली किल्ली कुलपात जाईना, ती मी घेतली. आत सगळा धूर. मी आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि साहेबांना कुकरला हात लावू दिला नाही. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून गेला होता, त्याचं कामच ते आहे. छतावर वरणाचा एक गोल पिवळा ठिपका बसला होता. तो साहेबांनी पुढे कितीतरी वर्षं पुसू दिला नाही.

कुकर निवल्यावर मी उघडला. तळ काळाठिक्कर. डबे मात्र शिस्तीत एकावर एक. डाळ, भात, वर बटाटा.

“पाणी?” मी विचारलं.

“घातलं होतं की. डाळीत अडीचपट, भातात दुप्पट.”

“आणि तळाला?”

“तळाला?” पाटबंधारे खात्याच्या निवृत्त अधिकाऱ्याने माझ्याकडे शुद्ध आश्चर्याने बघितलं. “तळाला कशाला? तिथे काय शिजायचंय?”

मला हसू फुटणार होतं, ते मी गिळलं. “साहेब, तळाचं पाणी उकळतं, त्याची वाफ होते, त्या वाफेवर सगळं शिजतं. तिचीच शिट्टी होते. पाणी नाही तर वाफ पुरत नाही, शिट्टी कुठून यायची?”

“मग हे तुम्ही कधी बोलला कसं नाहीत?” साहेब एकदम तावातावाने म्हणाले.

“मी? मी तुम्हाला कधी शिकवलं?”

साहेबांनी डक्टच्या खिडकीकडे बघितलं आणि मीही बघितलं. पलीकडे हातभर अंतरावर माझी खिडकी होती, जाळीमुळे आतलं काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येणार.

“ही गेल्यापासून ऐकतोय,” ते हळू आवाजात म्हणाले आणि मग शाळेतल्या मुलासारखं त्यांनी म्हणून दाखवलं: “डाळ तीन पाण्यांनी धुवा. हळद-हिंग आत्ताच, नंतर आठवण झाली तर उपयोग नाही. झाकण लावा, तीन शिट्ट्या, गॅस बंद. आणि बंद केल्यावर हाताची घडी घालून उभे राहा, वाफ कोणाच्या बापाची नोकर नाही.”

शब्द माझे, आवाज त्यांचा.

मग सगळा उलगडा झाला. रविवारी खानावळ बंद. माझा क्लास सुरू झाला की साहेब खिडकीपाशी उभं राहून माझं ऐकत ऐकत कुकर लावायचे आणि बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. स्वयंपाकघराच्या बाजूने तीन शिट्ट्या ऐकू आल्या की उठून गॅस बंद. त्या शिट्ट्या माझ्या असायच्या. त्यांच्या कुकरने त्या घरात काकू गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. दर रविवारी डाळ टणक, भात कच्चा, तळ जळलेला. साहेबांनी त्यावर विचार करून निष्कर्ष काढला होता की बाईंच्या शिट्ट्यांमुळे आपली मोजणी चुकते. म्हणून सूचना, म्हणून ठराव. त्या दिवशी माझे कुकर गप्प होते, आणि साहेब पार्किंगमध्ये बसून कधीच न येणाऱ्या शिट्टीची वाट बघत सभा लांबवत होते. आणि दर रविवारी डक्टमधून येणाऱ्या करपट वासावरून मी मात्र माझ्या पोरांना झापत होते, “कोणाचं लागलं ते खरं सांगा!”

“सरळ विचारायचं नाही का?” मी म्हटलं.

“बाई, ही दर रविवारी तिकडून फोन करते. काय जेवलात विचारते. मी वरण-भात सांगतो. खोटं नाही बोलत, वरण-भातच असतो. शिजलेला नसतो, एवढंच. तिला खरं कळलं तर पुढच्या विमानाने येईल आणि तिकडे पोरगी तान्ह्या बाळाला घेऊन एकटी पडेल. जिन्यात एकाला कळलं की अमेरिकेत कळायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

मग त्यांनी चष्मा पुसला. “आणि ते मघाचं. आपण टोचता का, विचारलंत. आपण टोचत असता, तर आपलं ऐकून मी दर रविवारी कच्चा भात खाल्ला असता का?”

पुण्याच्या माणसाकडून यापेक्षा गोड वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं म्हणायची सोय होती, पण मी ती घेतली नाही. इतक्या वर्षांचा काटा असा कच्च्या भातातून निघेल, हे कोणाला वाटलं होतं?

मी घरातून माझा कुकर आणला. “घाला,” म्हटलं. साहेबांनी स्वतःच्या हाताने तळाला वाटीभर पाणी घातलं, कालव्याचं उद्घाटन करावं अशा गंभीरपणे. डबे ठेवले, झाकण लावलं. आम्ही दोघं हाताची घडी घालून उभे राहिलो.

खाली सभा ताटकळली होती. काय झालं ते एव्हाना डक्टमधून सगळ्यांना कळलं होतं, कारण मी हळू बोलू शकत नाही. पहिली शिट्टी झाली तशी खालून कोणीतरी ओरडलं, “एक!” दुसरीला दहा-बारा आवाज आले, “दोन!” तिसऱ्या शिट्टीला सगळं पार्किंग “तीन!” म्हणून गरजलं आणि टाळ्या पडल्या. तळमजल्याचे गृहस्थ मूळव्याध विसरून खुर्चीवर चढले होते. आमचे हे, जे कधी मोठ्याने हसत नाहीत, ते तांब्या वाजवत होते.

अध्यक्ष खाली गेले, टेबलामागे बसले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, “चौथा विषय. तक्रारीची जागेवर जाऊन पाहणी केली असता, शिट्ट्या जास्त होत नसून अर्जदाराच्याच कमी पडत होत्या, असं आढळलं. ठराव मागे घेण्यात येत आहे. पाचवा विषय, सायकल स्टँड.”

पुढच्या रविवारपासून मी शिकवण्यात एक सुधारणा केली. डबे ठेवायच्या आधी डक्टच्या खिडकीकडे तोंड करून मी ओरडायचे, “तळाला पाणी!” आणि पलीकडून उत्तर यायचं, “घातलंय!” नव्या पोरांना वाटायचं ही कुठली तरी प्रार्थना आहे. तीही मग माझ्याबरोबर ओरडायला लागली. बुद्धपौर्णिमेला मी खिरीची वाटी शेजारी पाठवली. वाटी रिकामी परत करू नये म्हणून साहेबांनी तीत वरण भरून पाठवलं. वरण चांगलं होतं, मीठ जरा जास्त होतं, पण मी सांगितलं नाही.

आता क्लास नाही. हल्ली पोरं फोनवर बोट फिरवतात आणि जेवण दाराशी येतं. मला ते वाईटच आहे असं म्हणवत नाही, दमलेल्या माणसाला बोलण्याचा मला अधिकार नाही. रुखरुख एवढीच, की अर्ध्या तासाच्या नादात माझी वर्ध्याची पाटवडी मी कोणाला शिकवलीच नाही. तिला वेळ लागतो, आणि तेव्हा वेळ कोणाकडेच नव्हता, माझ्याकडेसुद्धा.

पण एक रविवार सांगायचा राहिला. सहा महिने झाले आणि मोघेकाकू परत आल्या. तोपर्यंत साहेब कोबी, मटकी, चून सगळं करायला लागले होते, आणि फोनवर काकूंना त्यांनी ऐटीत सांगितलं होतं की हे सारं माझं मी शिकलो. हे मला डक्टमधून कळलं, आणि नवल म्हणजे बिल्डिंगमध्ये कोणी त्यांचं बिंग फोडलं नव्हतं. मी म्हटलं, असू दे. बायकोसमोर माणसाची तेवढी शान राहायला हवी. त्या रविवारी क्लास भरला. पलीकडे काकूंच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे स्वयंपाकघरात त्या होत्या. मी खिडकीकडे पाठ केली, तळाला मुकाट्याने पाणी ओतलं आणि पोरांना बोटाने खूण केली की आज ओरडायचं नाही. पोरं गोंधळली. मला स्वतःलाच काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटत होतं. डबे ठेवले, झाकणं लावली, आणि मी शेगडी पेटवणार एवढ्यात डक्टमधून आवाज आला, चिडका, सडपातळ आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा:

“अहो गजभिये बाई, तळाच्या पाण्याचं काय झालं आज? आम्ही दोघंही खोळंबलोय इथे!”